बोर्डामागची फायरप्लेस



इथं ब्रिटनमधल्या जुन्या घरांत दिवाणखान्याची एक भिंत ठोकली की पोकळ वाजते. आमचीही वाजली. मागची व्हिक्टोरियन फायरप्लेस मोकळी करायची, म्हणून मी उत्साहानं तिच्या तोंडावरच्या बोर्डाचे स्क्रू काढायला बसले. दुसऱ्याच स्क्रूला कोपरा तुटला. तुटल्या कडेला करडा-पांढरा भुसा आणि त्यात केसासारखे बारीक तंतू दिसले. मी हात थांबवला. हात कुठं थांबवायचा, तेच सांगायला आज उभी आहे.

या फायरप्लेस बंद का झाल्या? डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं आणि हजारो माणसं दगावली. १९५६मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढं घरोघरी कोळसा जाऊन गॅसचे हीटर आले आणि फायरप्लेसच्या तोंडावर बोर्ड ठोकले गेले. आगीपुढं टिकणारा बोर्ड म्हणजे त्या काळी बहुधा ॲस्बेस्टॉसचा. म्हणून शंभर वर्षांच्या विटांपेक्षा साठ-सत्तरच्या दशकातल्या या बोर्डाची धास्ती मोठी. सांधे बुजवणारी दोरी आणि धूर नेणारा सिमेंटचा पाइप, यांतही ॲस्बेस्टॉस सापडतो. ब्रिटनमध्ये निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५मध्ये बंदी आली, पांढऱ्यावर थेट १९९९मध्ये.

आपल्यातले कित्येक जण गावी ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्याखाली वाढले. सवयीच्या वस्तूची भीती वाटत नाही. पण हे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार कित्येकदा तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो.

दुसरा धोका रंगाचा. फायरप्लेसच्या चौकटीवरचा रंग खरवडला की थराखाली थर निघतात. घर १९६०च्या आधीचं असेल, तर तळाच्या थरांत शिसं आहे असंच धरून चाला. तो रंग कोरडा घासू नका, ब्लोलॅम्पनं जाळू नका. ती धूळ रांगत्या बाळाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. काजळीही साधी समजू नका. धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदानं १७७५मध्येच दाखवून दिला होता.

बोर्ड फुटलाच, तर झाडू नका, घरचा व्हॅक्यूम लावू नका. खोलीबाहेर या, दार बंद करा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्या. असा बोर्ड काढणं हे बहुतेक वेळा परवानाधारक कंत्राटदाराचंच काम असतं.

आमचा अहवाल आला: तपकिरी ॲस्बेस्टॉस. नाव तपकिरी, आणि माझ्या डोळ्यांना दिसला होता करडा-पांढरा. डोळ्यांवर विसंबले असते, तर मी तिसरा स्क्रूही काढला असता.