उशिराचा सल्ला



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची समजूत अशी होती, की आम्ही बोनसवर नाही तर किमान वेतनावर बोलू. आम्ही विषय कळविला ‘ड जीवनसत्त्व’. त्यांनी लागलीच फोन करून विचारले, की पत्रात काही चूक तर नाही ना! चूक नाही. आम्ही डॉक्टर नव्हे, हे खरे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसून. पण गेली तीस वर्षे मालकांच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसून एक विद्या मात्र आम्हांला चांगली अवगत झाली आहे. ‘आपला मुद्दा विचाराधीन आहे’ या वाक्याचा त्या त्या वेळी अर्थ काय, हे ओळखण्याची. आजचा विषय त्या विद्येचाच आहे.

गोष्ट इंग्लंडातील आहे आणि २०२० सालातील. आमच्या एका जुन्या सभासदाची मुलगी तिकडे एका इस्पितळात परिचारिका आहे. त्या वर्षी ती घरी फोन करी तेव्हा भीतीपेक्षा रागानेच जास्त बोले. ती म्हणे, ‘आम्हांला कोणी धड काही सांगतच नाही.’ तो राग कशाचा, हे समजून घ्यावे म्हणून आम्ही वाचू लागलो. वाचता वाचता दिसले, की तो राग तिच्या एकटीचा नव्हता.

आधी थोडे त्या जीवनसत्त्वाविषयी. ड जीवनसत्त्व आपल्या कातडीत उन्हाने तयार होते. ते कमी पडले की हाडे मऊ होतात, लहान मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडे आणि स्नायू दुखतात. इंग्लंड इतके उत्तरेला आहे, की साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तिथल्या उन्हात हे काम करण्याचे बळच नसते. त्यातून कातडी काळीसावळी असली तर तेवढ्याच उन्हात ते कमी बनते. म्हणजे रात्रपाळी करणारा, गोदामात राबणारा, अंगभर कपडे घालणारी, आणि आपल्यासारख्या रंगाचा माणूस, यांना त्या देशात ते कमी पडणार हे जवळजवळ ठरलेलेच.

ही गोष्ट तिथल्या सरकारला ठाऊक नव्हती असे कोणी म्हणू नये. पोषणविषयक शास्त्रीय सल्लागार समितीने २०१६ च्या जुलैत अहवाल दिला, की चार वर्षांवरील प्रत्येकाला रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ड जीवनसत्त्व मिळाले पाहिजे. सरकारी आरोग्य खात्याने त्यावरून सल्ला काढला : हिवाळ्यात सर्वांनी गोळी घेण्याचा विचार करावा, काळ्यासावळ्या लोकांनी वर्षभर विचार करावा. शब्द नीट ऐका. ‘घ्या’ नव्हे, ‘घेण्याचा विचार करा’! त्या गोळीची किंमत दिवसाला काही पेन्स. हा सल्ला सरकारी कागदांत नीट छापला गेला, आणि कागदांतच राहिला.

मग साथ आली. २३ मार्च २०२० रोजी लोकांना घरात बसण्याचा हुकूम झाला. म्हणजे होते तेवढे ऊनही गेले. इंग्लंडात साथीत मृत्यू पावलेले पहिले दहाच्या दहा डॉक्टर गोऱ्या वर्णाचे नव्हते, ही बातमी त्या दिवसांत सगळीकडे झाली. आता त्यामागे कारणे पुष्कळ होती : कामाची जागा, घरांची दाटी, संरक्षक साहित्याचा तुटवडा, जुने आजार. पण ज्यांना ड जीवनसत्त्व कमी असते तेच लोक जास्त मरत आहेत, हे दिसल्यावर सामान्य माणसाने दोन्हींचा संबंध लावला तर त्याला वेडा कोण म्हणेल? एप्रिलमध्ये सरकारी खात्याने म्हटले, की घरात असलेल्यांनी आत्ताही १० मायक्रोग्रॅमचा विचार करावा. तेही असे हळू आवाजात, की पुष्कळांना ऐकूच गेले नाही.

जूनच्या अखेरीस तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने (औषधोपचारांचे नियम ठरविणारी ही संस्था) पुरावे चाळले आणि सांगितले, की करोना टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी ड जीवनसत्त्व घ्यावे असा पुरावा नाही. हे बरोबरच होते. पण वर्तमानपत्रांत त्याचा मथळा काय झाला असेल याची कल्पना आपण करू शकता. लोकांच्या डोक्यात राहिले एवढेच, की ‘गोळीचा उपयोग नाही’. हाडांसाठी ती घ्यावी असे चार वर्षांपूर्वी याच सरकारने सांगितले होते, ते मागे पडले. दोन निराळे प्रश्न एकाच पाकिटात घातले गेले. गोळीने करोना टळतो काय, हा एक. त्याचे उत्तर तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. घरात कोंडलेल्या, ऊन न मिळणाऱ्या लोकांना ही स्वस्त गोळी मिळायला हवी की नको, हा दुसरा. त्याचे उत्तर २०१६ पासून तयार होते. पहिल्याचे उत्तर येईपर्यंत दुसरा अडवून ठेवला गेला. आमच्या धंद्यात ही युक्ती जुनी आहे. पगारवाढीचा निकाल लागेपर्यंत पिण्याच्या पाण्याचा नळसुद्धा दुरुस्त करायचा नाही!

सप्टेंबरात आणखी भर पडली. स्पेनमधील कोर्दोबा येथल्या डॉक्टरांनी ७६ रोग्यांवर केलेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ज्या ५० जणांना या जीवनसत्त्वाचाच एक प्रकार दिला त्यांपैकी एकाला अतिदक्षता विभागात न्यावे लागले, आणि न दिलेल्या २६ पैकी १३ जणांना. आकडे पाहून कोणाचेही डोळे विस्फारतील. प्रयोग लहान होता आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, असे त्यातले दोष जाणकारांनी दाखविले. तरी लोक विचारू लागले, की आपले सरकार काय करते आहे? पार्लमेंटात हुजूर पक्षाचे डेव्हिड डेव्हिस आणि मजूर पक्षाच्या रूपा हक, असे दोन विरुद्ध बाजूंचे सभासद हा विषय लावून धरत होते. आरोग्यमंत्री मॅट हँकॉक यांनी सभागृहात सांगून टाकले, की आपण याची चाचणी घेतली आणि तिचा काही परिणाम दिसला नाही. पुढे अधिकाऱ्यांनीच कबूल केले, की अशी चाचणी झालेलीच नव्हती. मग मंत्र्यांनी पुरावा पुन्हा तपासायला सांगितला.

आम्ही या प्रसंगापाशी जरा थांबतो. ‘आम्हांला अजून ठाऊक नाही’ असे मंत्री म्हणाले असते तर काय बिघडले असते? आमचा अनुभव असा, की कामगार ‘ठाऊक नाही’ हे उत्तर पचवतो. एका कारखान्यात सुताच्या धुळीने लोक खोकत होते, तेव्हा व्यवस्थापकाने हवेची तपासणी झाल्याचे आम्हांला तोंडी सांगितले. आम्ही अहवाल मागितला. अहवाल नव्हताच. त्या दिवसानंतर तो माणूस खरे बोलला तरी कामगार दोनदा विचारून घेत. पुढे त्याने खरोखरची तपासणी करून घेतली, तिचा निकालही चांगला आला, आणि तो कोणी मानला नाही.

अखेर २८ नोव्हेंबरला इंग्लंडच्या सरकारने जाहीर केले, की अतिशय अशक्त आणि वृद्धाश्रमांत राहणाऱ्या २५ लाखांहून अधिक लोकांना चार महिन्यांच्या गोळ्या फुकट देऊ. त्या पोचू लागल्या जानेवारी २०२१ मध्ये. म्हणजे अर्धा हिवाळा सरल्यावर! ज्या काळ्यासावळ्या कामगारांसाठी २०१६ चा सल्ला होता, त्यांची नावे केवळ त्या कारणाने या यादीत नव्हती.

आता सरकारची बाजूही मांडली पाहिजे. वकिली एकांगी झाली की मुकदमा हरतो. इंग्लंडचे सरकार या बाबतीत नेहमीच मंद होते असे नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली त्यांनी मार्गारिनमध्ये अ आणि ड जीवनसत्त्वे घालणे सक्तीचे केले; बाळांना आणि गरोदर स्त्रियांना कॉडलिव्हर ऑइल आणि संत्र्याचा रस मिळण्याची सोय केली. बाँब पडत होते त्या दिवसांत! पण पुढे बाळांच्या दुधात, पिठात, तेलात असे चोहीकडून ड जीवनसत्त्व जाऊ लागले, आणि १९५० नंतर काही बाळांच्या रक्तात चुना फाजील वाढून ती आजारी पडली. १९५७ मध्ये प्रमाण कमी करावे लागले. हा चटका खाते विसरले नसेल, तर त्यात आम्हांला नवल वाटत नाही. शिवाय प्रौढांनी दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, हीही ताकीद आहेच. आणि साथीच्या दिवसांत त्याच्या कित्येक पट डोस विकणारे भोंदू कमी नव्हते.

तरी सावधगिरीचा भार नेहमी कोणावर पडतो, तेही पाहा. भारत आणि पाकिस्तानातून गिरण्यांत, भट्ट्यांत, बसगाड्यांवर काम करायला गेलेल्यांच्या मुलांत ग्लासगोच्या डॉक्टरांना १९६२ मध्येच मुडदूस दिसला होता. गोऱ्यांच्या मार्गारिनमध्ये घालता ते आमच्या चपातीच्या पिठात घाला, अशी सूचना झाली. सरकारी समितीने १९८० मध्ये ती मानली नाही. ग्लासगोने मात्र १९७९ पासून जीवनसत्त्व फुकट वाटण्याची मोहीम काढली, आणि तिथला मुडदूस पुष्कळच कमी झाला. म्हणजे उपाय सापडत नव्हता असे नाही. २०२० मधला आमच्या परिचारिकेचा राग हा असा साठ वर्षांचा जुना होता, तिला स्वतःला ते ठाऊक नसले तरी.

‘मग शेवटी गोळीने करोना टळतो का?’ असे आपण विचाराल. नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने ६,२०० लोकांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०२२ च्या सप्टेंबरात आला. गोळीने फरक पडला नाही. त्याच वेळी नॉर्वेतला ३४,००० हून अधिक लोकांचा निकाल आला. रोज चमचाभर कॉडलिव्हर ऑइल घेऊनही फरक नाही. ‘नाइस’ची सावधगिरी या मुद्द्यावर खरी ठरली, आणि लोकांची आशा खोटी. आमचे काही मित्र म्हणतात, की झाले तर मग, संताप फुकट होता. आम्हांला तसे वाटत नाही. घरात कोंडलेल्या माणसाची हाडे करोनाचा निकाल लागेपर्यंत थांबून राहत नाहीत. आणि २०२२ चा निकाल २०२० च्या सप्टेंबरात कोणाच्या खिशात नव्हता. तो आहे असे सांगणारा मंत्री नंतर खरा ठरला, म्हणून त्या दिवशी खरे बोलला असे होत नाही.

आपल्याकडे दुखणे उलटे होते. हिंदुस्थानातला पहिला करोनाचा रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात सापडला. आणि आपल्या आयुष मंत्रालयाने आर्सेनिक आल्बम या होमिओपॅथीच्या गोळ्या प्रतिबंधासाठी घ्याव्यात, असा सल्ला आदल्याच दिवशी काढलेला होता! पुरावा विचारायला कोणाला सवडच मिळाली नाही. पुढे त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या गल्लोगल्ली वाटल्या गेल्या, डब्यांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे लावून. औषधांच्या दुकानांत सी जीवनसत्त्वाच्या आंबटगोड गोळ्या मिळेनाशा झाल्या. आमचे सभासद आम्हांला विचारीत, ‘साहेब, घेऊ का?’ इंग्लंडातला कामगार उशिरा मिळालेल्या सल्ल्यावर चिडला होता. आमचा कामगार फार लवकर मिळालेल्या सल्ल्याने इतका निर्धास्त झाला, की मास्क खाली ओढून गोळ्या चघळू लागला.

कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा आम्ही युनियनच्या फळ्याचे तीन भाग केले. पहिल्यात, आज नक्की काय ठाऊक आहे. दुसऱ्यात, काय ठाऊक नाही. तिसऱ्यात, फळा पुन्हा कोणत्या तारखेला बदलणार. मजकूर सरकारी पत्रकांतून आणि इथल्या दोन डॉक्टरांना विचारून घेत असू. लिहिण्याचे काम एका तरुण सभासदाकडे होते. एका शुक्रवारी त्याच्याकडे नवे काही नव्हते. ‘पुसू का?’ असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, तारीख बदल आणि ‘नवीन काही नाही’ असे लिही. पाळी सुटल्यावर माणसे डबे हातात घेऊन फळ्यासमोर थांबली, तेवढे तीन शब्द वाचले, आणि पुढचा शुक्रवार कितवा ते एकमेकांना सांगत घरी गेली.