रक्तातील काना-मात्रा
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मराठीच्या अध्यापकाने कर्करोगाच्या रक्ततपासणीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या ग्रंथालयाच्या कपाटांत संतवाङ्मयाच्या शेजारी शास्त्रीय ग्रंथही प्रथमपासून सुखाने नांदत आले आहेत. शिवाय आजचा विषय मुळात वाचनाचाच आहे. फक्त येथे वाचायची आहेत ती रक्तातील अक्षरे.

‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे लाचार. अक्षरे तीच, पण वेलांटी बदलली की अर्थ पालटतो. प्रथिनांचेही असेच आहे. प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी असते व तिचा क्रम जनुकांत लिहिलेला असतो. पेशी मात्र या साखळीला ठिकठिकाणी शर्करांच्या छोट्या शाखा जोडते. शास्त्रज्ञ याला ग्लायकोसिलेशन म्हणतात. आपण ‘शर्करायोजन’ म्हणू. अल्ब्युमिनचा ठळक अपवाद सोडला, तर रक्तद्रवातील बहुतेक प्रमुख प्रथिने अशा शाखा धारण करतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या शर्करांचा आपण चहात घालतो त्या साखरेच्या चमच्यांशी हिशेब लावू नये. मधुमेहींच्या एचबीएवनसी तपासणीत दिसणारी साखरही निराळी. ती हिमोग्लोबिनला आपोआप चिकटलेली असते. मी बोलतो आहे त्या शर्करा पेशीतील विकरे, म्हणजे एन्झाइम्स, ठरावीक जागी बसवतात.

एका शर्करेने काय घडते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. फक्त त्या नावाने ठाऊक नाही. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्ना येथे १९०१ साली रक्तगट वर्णिले. ‘ए’ आणि ‘बी’ या गटांतील भेद तांबड्या पेशींवरील शर्कराशाखेच्या टोकाच्या एकाच शर्करेचा आहे, आणि ‘ओ’ गटात ती टोकाची शर्कराच नसते. एवढ्याशा फरकापायी चुकीचे रक्त दिल्यास रुग्णाचा प्राण जाऊ शकतो.

आता कर्करोगाकडे वळू. प्रथिनाचा क्रम जनुकात लिहिलेला असला, तरी शर्कराशाखेचा आराखडा तसा थेट कोठेच लिहिलेला नसतो. पेशीत कोणती विकरे किती आहेत, यावर तो ठरतो. पेशी कर्करोगग्रस्त झाली की विकरांचा हा मेळ बिघडतो. प्रथिन तेच राहते, शाखा बदलतात आणि असे प्रथिन रक्तात उतरते. बिघडलेल्या कारखान्याचा माल बाजारात यावा, तसेच हे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन. हे गर्भाच्या यकृतात तयार होते व जन्मानंतर त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. मॉस्को येथे गॅरी अबेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६३ साली यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांत ते आढळले. पुढल्याच वर्षी तातारिनोव्ह यांना ते यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत सापडले. पण अडचण अशी, की जुनाट कावीळ किंवा सिरोसिस असलेल्या रुग्णांतही त्याचे प्रमाण वाढते. नुसते मोजून निर्णय होईना.

निर्णयाला मदत केली ती मसुराने! होय, आपल्या स्वयंपाकघरातल्या मसुराने. यकृताच्या कर्करोगात या प्रथिनाच्या शर्कराशाखेच्या बुडाशी फ्यूकोज नावाची एक शर्करा बसते, आणि मसुराच्या दाण्यातील एक प्रथिन नेमके अशा रूपाला घट्ट धरते. धरलेला तो अंश ‘एएफपी-एल३’ होय. एकूण अल्फा-फीटोप्रोटीनमध्ये तो १० टक्क्यांपर्यंत गेला, तर कर्करोगाचा धोका अधिक मानतात. जपानी संशोधकांनी या तपासणीचा मोठा पाया घातला. अमेरिकेत तिला २००५ साली मान्यता मिळाली.

शर्करा ओळखणाऱ्या अशा प्रथिनांना ‘लेक्टिन’ म्हणतात. एरंडाच्या बियांतील द्रव्याने रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, हे हेर्मान श्टिलमार्क यांनी १८८८ साली दाखवले, तेथून हा अभ्यास सुरू झाला. भुईमूग व फणस यांतील लेक्टिनांच्या रचना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उलगडल्या गेल्या. नाव १९५४ सालचे. विल्यम बॉइड यांनी ते लॅटिन ‘लेगेरे’ या धातूवरून घेतले. त्याचा एक अर्थ ‘निवडणे’ आणि दुसरा ‘वाचणे’. आम्हा अध्यापकांचे ‘लेक्चर’ही त्याच धातूचे अपत्य! पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांतून मसूर निवडला गेला. येथे मसूरच निवड करतो आहे.

श्रोतेहो, या कौतुकाबरोबर सावधगिरीही हवी. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी ‘सीए १९-९’ ही तपासणी करतात. तीही एका शर्कराशाखेचीच मोजणी आहे. परंतु शंभरातील सुमारे पाच ते दहा माणसांत ती शाखा घडवणारे विकरच कार्यक्षम नसते. त्यांना कर्करोग झाला तरी आकडा सहसा वाढत नाही. उलट पित्तनलिकेत खडा अडकूनही आकडा चढतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या अहवालात असाच चढा आकडा आला. घरच्यांनी काही आठवडे अन्नपाणी गोड मानले नाही. मुलीचे लग्न घाईने उरकण्याची बोलणी सुरू झाली. शेवटी निघाला तो खडा. तो काढल्यावर आकडाही उतरला. पण त्या आठवड्यांचे काय?

म्हणून कोणतेही लक्षण नसताना, केवळ जाहिरात पाहून अशा तपासण्यांची जंत्री करून घेणे शहाणपणाचे नव्हे. आणि वैद्यांनी सांगितलेली तपासणी भीतीपोटी टाळणे, हे तर त्याहून घातक. ज्यांना जुनाट यकृतविकार आहे, त्यांनी नियमित सोनोग्राफी आणि वैद्यांच्या सल्ल्याने रक्ततपासणी करीत राहावे. तेथे वेळेवर मिळालेली सूचना जीव वाचवू शकते.

एका शब्दावरून ग्रंथाचा अर्थ लावू नये, संदर्भ पाहावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. रक्ताच्या अहवालालाही हाच नियम लागू आहे. आकडा हा शब्द, रुग्ण हा संदर्भ आणि वैद्य हा भाष्यकार.