टॉवरची भीती आणि टॉवरचे मोजमाप
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या मेळाव्यात एका आईने मला विचारले, "सर, आमच्या खिडकीसमोर मोबाईलचा टॉवर झाला आहे. मुलांना काही होणार नाही ना?" वेळ संपली होती. "काळजी करू नका" एवढे बोलून मी मोकळा झालो. ते उत्तर बरोबर नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्याने अशा वेळी आकडा सांगितला पाहिजे.

रेडिओलहरी आणि क्ष-किरण एकाच कुळातले. पण क्ष-किरण रेणूंचे बंध तोडू शकतात, रेडिओलहरींत तेवढे बळ नसते. त्यांचा निश्चितपणे सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीर तापणे. शरीराच्या दर किलोग्रॅमला 4 वॅट या दराने अर्धा तास ऊर्जा शोषली गेली, तर तापमान 1 अंशापर्यंत वाढू शकते. आंतरराष्ट्रीय आयोगाने 1998 साली याचा पन्नासावा हिस्सा, 0.08 वॅट, ही सामान्य जनतेची मर्यादा ठरवली. शरीरात शिरलेली ऊर्जा रस्त्यावर उभे राहून मोजता येत नाही. म्हणून बाहेरच्या लहरींचाही आकडा काढला: 900 मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला 4.5 वॅट. भारत सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून तो एक-दशांशावर, 0.45 वर आणला.

आता दहावीच्या मुलांनी पेन्सिल काढावी. समजा, अँटेना 20 वॅटची आहे व ती सगळी शक्ती एका दिशेला एकवटते, म्हणजे समोरच्याला ती 1000 वॅटसारखी भासते. 50 मीटरवरच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे 31,400 चौरस मीटर. भागाकार करा: 0.03 वॅट. मर्यादेच्या बरेच खाली. पण 10 मीटरवर तोच भागाकार 0.8 येतो! मर्यादा ओलांडली. तेव्हा टॉवर ज्या गच्चीवर आहे, तिच्याखाली राहणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण कमी, कारण झोत आडवा जातो. त्याच उंचीवरच्या समोरच्या खिडकीने मात्र जरूर विचारावे. त्या आईची खिडकी नेमकी तशीच होती, हे मला नंतर कळले.

मुलांच्या हातातल्या फोनबद्दल मात्र कोणी विचारले नाही. फोन लहान खरा, पण तो कानाला चिकटतो, अंतर जवळजवळ शून्य. त्याची तपासणी द्रवाने भरलेल्या कृत्रिम डोक्यावर करतात. भारतात 2012 साली मर्यादा ठरली, ती एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून किलोग्रॅमला 1.6 वॅट. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर फार दूर असला तर डोक्याजवळचा फोनच अधिक तापदायक! 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातल्या, त्या मुख्यतः फोन फार वापरणाऱ्यांवरील मर्यादित पुराव्यावरून. पुरावा अपुरा आहे. तरी लांब बोलणे असेल तर इअरफोन लावायला पैसे फारसे पडत नाहीत.

टॉवरची मोजणी नागरिकाला मागता येते. त्यासाठी सरकारने 2017 साली 'तरंग संचार' हे संकेतस्थळ काढले. सुरुवातीस शुल्क 4,000 रुपये ठेवले होते. एका कुटुंबाला रक्कम जड वाटेल. इमारतीने वर्गणी काढली तर नाही. तीन परस्पर लंब दिशांना संवेदनशील असे यंत्र खिडकीशी धरून सहा मिनिटांची सरासरी घेतात. त्या आईच्या इमारतीने अर्ज केला आहे. मोजणीच्या दिवशी आमच्या दहावीच्या चार मुलांना वही-पेन्सिलीसह तिथे उभे राहू द्यावे, एवढी माझी विनंती त्यांनी मान्य केली आहे.