वंशावळीत नसलेली माणसं



तुमच्या खापरपणजोबांचं नाव तुम्हाला सांगता येईल? आपल्यापैकी बहुतेकांची गाडी आजोबांशी, फार तर पणजोबांशी अडते. मग पन्नाशी ओलांडली की वाटू लागतं, आपण नेमके कुठले, कुणाचे?

शोधायचं ठरवलं तर साधनं पुष्कळ आहेत. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जा. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तीर्थोपाध्याय जुनी वही काढतात. यात्रेला आलेल्या पूर्वजानं आपल्या बापाचं, भावांचं, मुलांचं नाव तिथं नोंदवलेलं असतं. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन कुळाची वंशावळ सांगतात. काही घराण्यांनी तर आपले कुलवृत्तांत छापलेत.

पण या वह्या उलटताना एक गोष्ट खटकते. नावं बहुतेक पुरुषांची. बाप, मुलगा, नातू अशी ओळ सरळ खाली उतरते, जणू या घरांत बायका नव्हत्याच! शिवाय ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनी आपले पूर्वज कुठल्या वहीत शोधायचे? १९३० साली याच नाशकात काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला होता, हे विसरून चालणार नाही.

आमच्या घरची वंशावळ सात पिढ्यांची. तिच्यातही पणजीचा पत्ता नव्हता. ती मला सापडली ती तलाठ्याच्या दप्तरात, एका जुन्या फेरफारात. नोंद मोडीत होती. एका जाणकारांनी ती वाचून दिली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणत, पणजोबा गेले. वारस म्हणून माझ्या आजोबांचं नाव लागलं. पण ते लहान होते. म्हणून नावापुढे तीन अक्षरं होती: अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आणि त्यापुढे 'आई' म्हणून पणजीचं नाव. पोर मोठं होईपर्यंत जमीन तिनं सांभाळली. सात पिढ्यांच्या त्या ओळीतला एक दुवा तिनं तुटू दिला नाही, आणि त्याच ओळीत तिला जागा नव्हती. ते नाव मी वंशावळीत माझ्या हातानं लिहिलं.

तुम्हालाही शोध घ्यायचा असेल, तर सुरुवात दप्तरापासून करू नका. दप्तर कुठं जात नाही. अनेक जिल्ह्यांतले जुने फेरफार सरकारनं स्कॅनही करून ठेवलेत. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस मात्र थांबणार नाही. आधी त्याच्यापाशी बसा. नुसतं "जुनं काही सांगा" म्हणू नका, नेमकं विचारा. आजीचं माहेर कुठलं? लग्नाआधी तिचं नाव काय होतं? तिची आई कुठल्या गावची? घर कुठल्या दुष्काळात उठलं, गिरणीत पहिलं कोण गेलं? जुन्या फोटोच्या मागं नावं लिहून घ्या.

त्यानंतर कागद पाहा. शाळा सोडल्याचा दाखला, गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, वारसनोंदी. ज्यांच्या नावावर कधी जमीन नव्हती, त्यांच्या बाबतीत शाळेचं रजिस्टर पुष्कळदा जास्त बोलतं. जमलं तर मोडी शिका. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपले व्यवहार त्या लिपीत चालत, आणि काही महिन्यांच्या सरावानं ती वाचता येऊ लागते.

या शोधात कुणाला सरदार-दरकदार सापडतील, कुणाला सावकाराचं कर्ज सापडेल. दोन्ही आपलंच. ते जसं असेल तसं लिहून ठेवा. फक्त वंशावळ काढताना एवढं करा: प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या बायकोचं नाव लिहा, तिच्या माहेरासकट. आणि मुलींची नावंही गाळू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)