औषधाची कुपी आणि प्रकाशाची किल्ली



कर्करोगावरील औषध शिरेतून दिले की ते रक्ताबरोबर शरीरभर हिंडते. डॉक्सोरुबिसिन हे असेच एक जुने आणि गुणकारी औषध. अर्बुदाच्या पेशी ते मारते; पण केसही झडतात आणि एकूण मात्रा वाढत गेल्यास हृदयाचे स्नायू दुबळे होतात. मग रोग शिल्लक असतानाच औषध थांबविण्याची वेळ डॉक्टरांवर येते. औषधात सामर्थ्य आहे. ते नेमके कोठे उतरवावे, हाच खरा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळील बाब्राहम येथे १९६० च्या दशकात ॲलेक बँगहॅम यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. अंड्याच्या बलकात असणारे लेसिथिन पाण्यात कालविले की त्याच्या अतिसूक्ष्म, पोकळ कुप्या आपोआप तयार होतात. हेच लायपोसोम. त्यांच्यात औषध भरता येते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी ज्या इंजेक्शनासाठी धावाधाव केली, ते लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी याच जातीचे. मूळ अँफोटेरिसिन मूत्रपिंडांना इजा करते. कुपीत भरल्याने ती इजा पुष्कळ कमी होते.

परंतु ही कुपी आपल्या गतीने झिरपते. हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी ती उघडावी कशी? अमेरिकेतील बफलो विद्यापीठात जोनाथन लव्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुपीच्या भिंतीतच पोर्फिरिन गुंफले. रक्ताला लाली आणि पानाला हिरवेपणा देणाऱ्या द्रव्यांचे हे नातलग. त्यावर तांबडा लेसर-प्रकाश पडला की लगतचा प्राणवायू उग्र बनतो, भिंतीतील स्निग्ध रेणूंवर घाला घालतो आणि औषध बाहेर पडते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या अर्बुदावर असा प्रकाश पाडला, तेव्हा तेथे औषध अधिक साठले.

तांबडाच प्रकाश का? अंधारात विजेरीवर तळहात धरून पाहावा. बोटांतून लालीच तेवढी पलीकडे येते, बाकीचे रंग रक्त शोषून घेते. तीही शरीरात फार तर सेंटिमीटरभर उपयोगी पडते. त्यामुळे त्वचा, मुख, घसा किंवा दुर्बिणीतून काचतंतू नेता येईल अशी अन्ननलिका, अशाच जागा आवाक्यात येतात. तंबाखूमुळे मुखाचा कर्करोग आपल्याकडे इतका आढळतो, म्हणून या संशोधनाकडे येथे आस्थेने पाहिले पाहिजे. मात्र रुग्णांवरील नेहमीच्या उपचारात ही पद्धत अद्याप आलेली नाही. जाहिरातीतील ‘लेसर’ हा शब्द वाचून कोणी तशी समजूत करून घेऊ नये. यकृतातील खोल गाठीपर्यंत प्रकाश न्यायचा तर सुईवाटे तंतू आत घालावा लागेल. आणि रोग दहा ठिकाणी पसरला असेल, तर तो किती ठिकाणी घालणार?