टायर रुंद, पण किती?

टायर बदलायला गेलं की दुकानदार हमखास विचारतो, ‘एक साइज मोठा टाकू का?’ हो म्हणण्याआधी टायरवरचे आकडे वाचा. १४५/८० आर १३ म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के आणि रिम १३ इंची. १६५/७० घेतलात, तर चाकाची उंची जवळपास तीच राहते. १६५/८० घेतलात, तर ती ३२ मिलिमीटरने वाढते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

खरी अडचण रिमची. अरुंद रिमवर रुंद टायर फुगून बसतो, वळणावर गाडी डुलते. स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे माणसं बसवून टायर मडगार्डला घासतो का, ते दुकानातच बघा. कोरड्या रस्त्यावर पकड थोडी वाढेल. मायलेज मात्र घटेल, आणि साचलेल्या पाण्यात हलकी गाडी लवकर तरंगेल.