तुरटीचे माप

गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरविणे किंवा भांड्याला आतून निवळीचे बी घासणे, हे आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. घागरभर पाण्याला किती तुरटी पुरे, हे घरची जाणती बाई नजरेने ठरवी. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीच्याच जातीचे ॲल्युमिनियम सल्फेट टनांच्या हिशेबाने खर्ची पडते. परंतु ‘किती घालावे?’ हा प्रश्न तेथेही सुटत नाही. अलीकडे अनेक ठिकाणी वाळूच्या गाळण्यांच्या जागी कृत्रिम पटले आली, आणि आता मापाची फारशी चिंता नको, असा समज होऊ लागला. तो समज खरा नाही. पटल आल्याने मापाची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

प्रथम तुरटीचे कार्य पाहू. पाण्यातील मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युद्भार असतो. एकाच जातीचे भार परस्परांस दूर लोटतात, म्हणून हे कण तळाशी न बसता दिवसचे दिवस तरंगत राहतात. ॲल्युमिनियमचा धन भार त्यांचा ऋण भार नाहीसा करतो. मग ते एकमेकांस चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पाणी निवळते.

हे माप चुकल्यास काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ साली घडले. मिशिगन सरोवराचे पाणी शुद्ध करणाऱ्या तेथील एका केंद्रात मार्चअखेरीस शुद्ध केलेल्या पाण्याचाच गढूळपणा वाढला. तुरटीऐवजी वापरात आणलेल्या नव्या द्रव्याची मात्रा बदलून पाहिली, तरी तो आवरेना. मात्रा ठरविण्यास साह्य करणारे उपकरण चुकीचे बसविल्यामुळे बंद होते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा, क्लोरिनला न जुमानणारा परजीवी घरोघरी पोहोचला आणि अंदाजे ४ लाख लोकांना अतिसार जडला.

हा परजीवी ४ ते ६ मायक्रॉन व्यासाचा असतो. अतिगाळणाच्या पटलाची छिद्रे मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही बारीक असतात. पटल अखंड असेल तर त्यातून तो पार होऊ शकत नाही. म्हणूनच पटलांचे महत्त्व वाढले, आणि ते रास्तही आहे.

परंतु जे सर्व काही अडविते ते चोंदतेही. चोंदणे दोन प्रकारचे असते. पृष्ठभागावर साचलेला गाळाचा थर पाणी उलट दिशेने सोडताच निघून जातो. कुजलेल्या पालापाचोळ्यातून विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये मात्र छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. ती नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. त्यांच्यासाठी क्षार, आम्ल वा क्लोरिन वापरावे लागते, आणि प्रत्येक रासायनिक धुलाईबरोबर पटलाचे आयुष्य थोडे झिजते. ही विरघळलेली द्रव्ये पटलापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्यांना पुंजक्यांत गुंतविणे, हे येथे तुरटीचे मुख्य काम होय.

मात्रा अपुरी पडली तर अर्धवट जुळलेले कण छिद्रांच्याच आकाराचे राहतात आणि बुचासारखे आत अडकतात. मात्रा फाजील झाली तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत थर पटलावरच बसतो. शिवाय गाळ वाढतो व खर्चही. पुंजके पटल अडवील, पण पाण्यात विरघळलेले ॲल्युमिनियम अडविणार नाही. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ सालच्या आवृत्तीनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत चालते. हे विरघळणे पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असते. पीएच मूल्य ६ ते ७ च्या आसपास असता ते अगदी कमी होते. तुरटी पाण्यातील क्षारता खाते, त्यामुळे पावसाच्या मृदू पाण्यात मात्रा वाढविताना चुन्याचाही विचार करावा लागतो.

मग माप ठरवावे कसे? जुनी रीत अशी, की सहा पात्रांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात निराळी मात्रा घालावयाची, प्रथम जोराने व मग सावकाश ढवळावयाचे, आणि कोणते पाणी उत्तम निवळले ते पाहावयाचे. पटलाच्या केंद्रात एवढ्याने भागत नाही. तेथे पुंजका जड होऊन तळाशी बसलाच पाहिजे असे नाही. तो छिद्राबाहेर राहिला म्हणजे पुरे. म्हणून पात्रांतील पाणी लहानशा पटलातून गाळून त्याचा वेग किती लवकर मंदावतो, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

शिवाय पाणी दिवसागणिक, पुराच्या वेळी तर तासागणिक, बदलते. गढूळपणा हाच एकमेव निकष मानणे धोक्याचे आहे. चहासारख्या फिकट रंगाचे पण नितळ दिसणारे पाणी पुष्कळदा अधिक मात्रा मागते. यासाठी गढूळपणाबरोबर जंबुपार किरणांचे शोषण मोजून सेंद्रिय द्रव्यांचा अंदाज घेतात, आणि तुरटी मिसळल्यावर कणांचा उरलेला विद्युद्भार पाहतात. अखेरची साक्ष पटलाची. प्रत्येक धुलाईनंतर तेच पाणी गाळण्यास लागणारा दाब पूर्वीहून थोडा थोडा चढत असेल, तर मात्रा कोठे तरी चुकत आहे असे समजावे. ही साक्ष खरी असली तरी उशिरा मिळते. म्हणून येणाऱ्या पाण्याकडे पाहून मात्रा आधी बदलावी आणि दाबाकडे पाहून ती नंतर सुधारावी.

आज ही कामे यंत्रे आपोआप करू शकतात. तथापि उपकरण नीट बसले आहे की नाही आणि त्याचा आकडा विश्वसनीय आहे की नाही, हे माणसालाच पाहावे लागते. पटल विकत घेण्यासाठी मोठी रक्कम मंजूर करणाऱ्या नगरपालिकेने पात्रांची चाचणी रोज करणारा शिकलेला कर्मचारी आणि त्याची नोंदवही यांचीही तरतूद त्याच अंदाजपत्रकात केली पाहिजे. नळाला येणाऱ्या पाण्याची खात्री अखेर त्या नोंदवहीच्या पानांवरच ठरते.